एका कंदिलापुरतं सभागृह

तिला वर्षभराची संशोधनवृत्ती मिळाली तेव्हा सगळ्यांत जास्त बुचकळ्यात पडले ते तिचे बाबा. ते नगरपालिकेत वायरमन होते, नुकतेच निवृत्त झालेले. आणि हिचा विषय काय, तर वीज येण्याआधी शहरातली माणसं रात्री कशी वावरत. "मी जन्मभर खांबांवर चढून उजेड केला आणि पोरगी अंधारावर प्रबंध लिहितेय," असं ते आल्यागेल्याला सांगत. थोरला भाऊ तर तिला सरळ घुबडच म्हणायचा.

वृत्तीची एक अट होती. वर्ष संपताना सर्वांसाठी एक जाहीर व्याख्यान द्यायचं. संशोधकांपुढे निबंध वाचताना ती कधी डगमगली नव्हती, पण सहज म्हणून येऊन बसलेल्या माणसांपुढे काय बोलायचं, हे तिला सुचतच नव्हतं. मार्गदर्शक बाईंनी तिची टिपणं चाळली आणि सुचवलं, की एवढं सगळं सांगत बसण्यापेक्षा एकच गोष्ट दाखव.

तिनं विद्यापीठाच्या संग्रहालयातून रस्त्यावरचा एक जुना कंदील मागून आणला, काच पुसली, नवी वात घातली. सभागृहाच्या व्यवस्थापकानं आधी कानांवर हात ठेवले. शेवटी मंचाशेजारी वाळूच्या बादल्या ठेवायच्या बोलीवर तो कसाबसा तयार झाला.

त्या संध्याकाळी सभागृह बऱ्यापैकी भरलं. बाबा शेवटच्या रांगेत बसले, कंटाळा आला तर निघता यावं म्हणून. ती बोलायला लागली. त्या काळी सूर्य मावळला की शहर जखडून जाई, घराबाहेर पडलेला माणूस आंधळा आणि एकटा होई, हा तिचा मुद्दा. प्रबंधातलं तिचं लाडकं प्रकरण त्यावरच उभं होतं. तो मुद्दा लोकांना पटावा म्हणून तिनं कंदील पेटवला, सगळ्यांना फोन खिशात ठेवायला सांगितले आणि दिवे घालवायची खूण केली.

खरंच काही दिसेना. कुणी खाकरलं, कुणी हसलं, खुर्च्या करकरल्या. ती पुढचं वाक्य बोलणार होती, पण लोक स्थिरावेपर्यंत थांबली.

आणि मग हळूहळू सभागृह अंधारातून वर येऊ लागलं. आधी पहिल्या रांगेतले गुडघे, मांडीवरचे हात. मग कुणाच्या चष्म्याची कड. मग खांद्यामागे खांदे, भिंतींच्या कमानी, छताच्या लाकडी तुळया. ज्योत होती तेवढीच होती. शेवटी मागची रांगही दिसली, आणि तिथं समोरच्या खुर्चीवर दोन्ही हात टेकून बसलेले बाबा. त्यांचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं.

हसणं कधीच थांबलं होतं. तिच्याकडे कुणी बघतच नव्हतं. माणसं मान वळवून शेजारच्याकडे, मागच्याकडे बघत होती, जणू एकमेकांना आत्ताच भेटत होती. विजेच्या दिव्यांत बसली होती तोवर एकानंही मान वळवली नव्हती.

"मी मघाशी सांगितलं ते चुकीचं आहे," ती म्हणाली. आवाज चढवायची गरजच पडली नाही. "मला शेवटची रांग दिसतेय."

व्यवस्थापकानं दबक्या आवाजात विचारलं, दिवे लावू का?

"थांबा जरा," मागून बाबा म्हणाले.

नंतर बाईंनी विचारलं, प्रकरण हातचं गेलं ना? तिनं मान डोलावली. पण दोघींच्याही चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

पुढच्याच महिन्यात दुसऱ्या शहरातल्या एका संस्थेत तीन वर्षांची संशोधकाची जागा निघाली. तिनं अशा जागांसाठी आधीच लिहून ठेवलेला अर्ज बाजूला सारून नवा लिहिला. मुलाखतीत एका ज्येष्ठ इतिहासकारानं, सभागृहातला अनुभव हा काही पुरावा नव्हे, असं शांतपणे सुनावलं. तिलाही ते मान्य होतं. मग तिनं जुन्या खटल्यांतल्या जबान्यांचं सांगितलं. पलीकडच्या गल्लीतून जाणारा माणूस आम्ही रात्री चालीवरून ओळखला, असं कितीतरी साक्षीदारांनी शपथेवर सांगितलं होतं, आणि तिनं त्या सगळ्यांना खोटारडे ठरवून बाजूला ठेवलं होतं.

"आता काय करणार?" त्यांनी विचारलं.

"आता त्यांच्यावर विश्वास ठेवून बघणार," ती म्हणाली.

जागा तिला मिळाली.