हैबतीबुवांची कोळंबी

पोलादपूरला हायवेच्या कडेला सहदेवचं हॉटेल. त्या दिवशी वडापाव राहिला बाजूला, माणसं चपला काढून आत शिरायला लागली. कशासाठी? तर काचेच्या टाकीसाठी! खाऱ्या पाण्यात दोन नारिंगी मासे फिरत होते, पांढऱ्या पट्ट्यांचे. महाबळेश्वरला निघालेले लोकसुद्धा गाडी थांबवून हात जोडत होते.

टाकीपुढं हैबतीबुवा बसलेले. "बघा, मासा तोंड उघडतो, मिटतो! माझ्याच नावाचा जप चाललाय!"

"मग मी जांभई देतो तो कुणाचा जप?" मागून एक ड्रायव्हर बोलला. लोकांनी त्याला दाबून गप्प केलं.

एवढी गर्दी, पण सहदेवचं धंद्यात लक्ष नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी पोराचं, अनिलचं, लग्न झालं. त्या हौसेत अनिलनं पनवेलहून टाकी आणली, मीठ कालवलं आणि दुसऱ्याच दिवशी आठ मासे सोडले. चार दिवसांत आठही उलटे. पाणी तर कसं नितळ! मग बुवा आले आणि म्हणाले, "नव्या सुनेचा पायगुण. तिला माहेरी धाडा. टाकीत कोळंबीचा नैवेद्य सोडा, वर अंगाऱ्याचं फडकं टाका. चाळीस दिवस मासा घालू नका."

सहदेवच्या बायकोनं, रंगूबाईनं, त्याच दिवशी सुनेची बॅग भरली. अनिल मान खाली घालून सारिकाला महाडला सोडून आला. सहदेव बोलला नाय. चाळीस दिवसांनी मासे सोडले, तर जगले की! आता बुवा म्हणत होते, "ती परत आली की आधी मासे जातील, मग माणसं. काडीमोड घ्या."

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. सारिका उतरली. मागनं रिक्षावाला छोटी काचेची टाकी सांभाळत आला. तिच्यातही दोन नारिंगी मासे.

"मामा," ती सासऱ्याला म्हणाली, "इथं कोळंबी टाकली त्याच आठवड्यात मी माहेरी टाकली. मंत्र नाय, अंगारा नाय. माझा पाय वाईट, तर हे कसे जगले?"

बुवा हसले. "पोरी, माझी कृपा महाडपर्यंत पोचते."

"मग मला घराबाहेर कशाला काढलंत?"

ड्रायव्हर खो खो हसला. आता त्याला कुणी दाबलं नाय.

सारिकानं पिशवीतनं एक बाटली काढली. नवं खारं पाणी, आत आठ दिवस कुजलेली कोळंबी. झाकण उघडलं तशी पुढची रांग मागं सरली. तिनं दोन्ही टाक्यांतलं आणि बाटलीतलं पाणी तीन नळ्यांत घेतलं, औषधाचे थेंब टाकले. टाक्यांच्या नळ्या पिवळ्या झाल्या, बाटलीची हिरवीगार.

"हिरवं म्हणजे विष. अमोनिया म्हणतात त्याला. कोळंबी कुजली की होतं, माशांच्या घाणीतनंपण होतं. डोळ्याला दिसत नाय. ते खाणारे बारीक जंतू दगडावर, वाळूत हळूहळू धरतात. एक जात त्याचं दुसरं विष करते, दुसरी जात तेही मोडते. याला महिना-दीड महिना लागतो. कुजकी कोळंबी म्हणजे त्या जंतूंचं जेवण. आपण दुसऱ्याच दिवशी आठ मासे घातले, मरतील नाय तर काय?"

मग बाटली बुवांपुढं. "करा मंत्र. हे पिवळं करून दाखवा."

बुवांनी डोळे मिटले, पुटपुटले, फुंकर मारली आणि वासानं ठसकले. सारिकानं पुन्हा नळी भरली. हिरवीच्या हिरवी.

"बुवा, घाटात रेंज नाय वाटतं!" ड्रायव्हर.

"आणि मामा, पनवेलच्या दुकानदाराला मासे का मेले ते विचारायला मी गेले, तर तो म्हणाला, पोलादपूरचे एक बुवा आधीच हे विचारून गेलेत. कोळंबी आणि चाळीस दिवस त्यानंच सांगितले."

बुवांना एकदम साधनेची वेळ आठवली. चपलांच्या ढिगात आपली जोडी शोधताना त्यांना घाम फुटला.

रंगूबाई पुढं आली. "चुकले गो मी. चल आत."

"येते आत्या. पण ह्यांनी तोंड उघडावं आधी."

अनिल पुटपुटला, "माझी चूक. मासे मी मारले. तुला सोडायला नको होतं."

"मोठ्यानं बोल!" सहदेव उठला. "मीपण गप बसलो, माझीपण चूक." मग तो गर्दीकडं वळला. "बाबांनो, मासा मेला, म्हैस आटली, पोर तापलं, की विचारा का झालं. जाणत्याला विचारा, तपासून बघा. पाणी बिघडलं तर पाणी बघा रे, पोरीचे पाय काय बघता!"