गरमी समजून पाजलेलं पाणी

मी एक जुनी पाण्याची बाटली आहे. ॲल्युमिनियमची, पोचे पडलेली, अंगावर खाकी लोकरी कापडाचं कवच. ते कवच ओलं केलं की आतलं पाणी गार राहतं. आणि मित्रांनो, आधीच सांगते, मी रागात आहे.

भय्याजींनी मला भिलाईतल्या पावर हाउस नावाच्या भागातल्या बाजारातून घेतलं. ते भिलाईच्या पोलाद कारखान्यात भट्टीवर कामाला होते. भट्टीसमोर अंग भाजून निघतं. पोटात पाणी गेलं नाही तर माणूस चक्कर येऊन तिथेच कोसळतो. मी रोज त्यांच्या खांद्याला लटकून जायची. "हे बाटली हाय म्हणून मी उभा हाय," असं ते सोबत्यांना सांगायचे आणि मी फुलून जायची.

पुढे ते निवृत्त झाले आणि कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर ६ मध्ये, मुलाच्या क्वार्टरवर राहू लागले. मी फळीवर धूळ खात पडले. त्याचं मला काही वाटत नाही. राग आहे तो त्यानंतरचा.

भय्याजींची लघवी अडू लागली. संडासात जाऊन ते ताटकळत उभे राहायचे. धार बारीक झाली, मग थेंब थेंब आली. पायजमा ओला होतो म्हणून त्यांनी बुद्धविहारात जाणं सोडलं, लग्नाकार्याला जाणं सोडलं. पण डॉक्टरला दाखवतील तर शपथ. सांगितलं कोणाला, तर भट्टीवरच्या जुन्या सोबत्याला, बाबारावांना.

"भट्टीची गरमी हाय ते," बाबाराव म्हणाले. "आता निघून राहिली अंगातून. पाणी पेत राय, मोकळं होते."

झालं. मला फळीवरून काढलं, घासलं, भरलं. भय्याजींच्या पत्नी कमलाबाई मला घटकेघटकेला त्यांच्या तोंडाशी धरू लागल्या. जिने या माणसाला भट्टीसमोर जगवलं, तिलाच त्याच्या जिवावर उठवलं. बाहेरची वाट बंद, आणि आत मी ओततेय. पायजमा ओला दिसला की कमलाबाईंना वाटायचं, लघवी होतेय. अहो, होत कुठली, ती तुडुंब भरून सांडत होती. मला हे ओरडून सांगावंसं वाटे, पण बाटलीला वाचा कुठली?

त्यातच भय्याजींना सर्दी झाली. दुकानातून गोळी आणून घेतली आणि दुसऱ्या सकाळी थेंबही येईना. ओटीपोट दगडासारखं झालं. भय्याजी घामाने डबडबले. तरी कमलाबाई मला भरून घेऊन आल्याच.

सून सुनिता आडवी आली. सासऱ्यांना ती मामाजी म्हणते. "आई, पाणी नोका देऊ. मामाजीचं पोट पाहा कसं फुगलं. मी ऑटो बोलावला."

"सुनेसमोर काय सांगू मी," भय्याजी पुटपुटले.

"मंग कोणासमोर सांगसान? मेल्यावर?"

दवाखान्यात नळी घातली. लघवीची पिशवी भरत गेली, भरत गेली, आणि भट्टीसमोर कधी न हललेला माणूस सुटकेने रडला. डॉक्टरांनी गुदद्वारातून बोटाने तपासलं, रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. मूत्राशयाखालची प्रोस्टेट नावाची ग्रंथी वयाने वाढली होती. तिने वाट दाबली होती. सर्दीच्या गोळीने उरलीसुरलीही आवळली. तुंबलेली लघवी मागे मूत्रपिंडांपर्यंत चढली होती. गरमीचा काडीचाही संबंध नव्हता. लवकर आले असते तर कदाचित गोळ्यांवर भागलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

काही दिवसांनी दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. धार मोकळी झाली. मूत्रपिंडं मात्र पहिल्यासारखी झाली नाहीत. लाजेने घेतलं ते गेलंच.

परवा बाबाराव आले. बसल्याबसल्या त्यांनी मला उचललं. "माहीबी धार बारीक झाली बे. गरमीच हाय."

मित्रांनो, या घरात पाण्यासाठी कोणालाही नाही म्हणत नाहीत. पाणी नाकारलं जाण्याचं दुःख या लोकांच्या आजा-पणजांनी सोसलं आहे. पण भय्याजींनी मला बाबारावांच्या हातातून काढून घेतलं.

"पाणी नाही भेटत तुले. पयले दवाखाना. चाल, मी येतो संग."

बाबाराव लालबुंद झाले. कमलाबाई खाली मान घालून बसल्या. भय्याजींनी पायात चपला घातल्या आणि दारात उभे राहिले, बाबाराव उठेपर्यंत.

तुमच्याही घरी आजोबा असतील. आज त्यांच्याजवळ बसा आणि सरळ विचारा, आजोबा, लघवी नीट होते का? ते रागावतील. रागावू द्या.