माळावरचा वारा

मल्हारने फळीवर बोटांची पेरं आपटली आणि कान खाली नेला. टक, टक, टक, आणि मधेच एकदा थप्प. त्याने पुन्हा त्याच जागी आपटून पाहिलं. थप्पच.

"ही नको," तो म्हणाला. "हिनं आतनं पाणी पिलंय."

मलकापुरातल्या नाथाजी सुभेदारांच्या घरामागे पत्र्याची शेड होती. तिथे भिंतीला दोन फळ्या टेकवून ठेवल्या होत्या. शीड लावून, वर उभं राहून पाण्यावरून वाऱ्याने पळवायच्या फळ्या. सुभेदार फौजेत असताना हा खेळ खेळले होते आणि निवृत्त झाल्यावर एनसीसीच्या पोरांना शिकवत होते. त्यांच्याच शिबिरात मल्हारच्या समीक्षाला या खेळाचं वेड लागलं होतं. महिन्याभराने पुण्याला संघाची निवड होती, आणि तोवर हाताखाली स्वतःचं सामान हवं होतं. म्हणून बाप-लेक टेम्पो घेऊन सकाळीच कुपवाडहून निघाले होते.

मल्हार गेली वीस वर्षं कुपवाडला फायबरच्या टाक्या करत होता. फायबर कुठे पोकळ झालंय हे त्याला नुसत्या आवाजावरून कळायचं. समीक्षाचा डोळा त्या पहिल्या, निमुळत्या, पळणाऱ्या फळीवर होता. पण बापाने थप्प ऐकवल्यावर तिनेही मान डोलावली. दुसरी फळी रुंद होती, चांगली जाड, आणि पोटातून खाली सोडायची एक पाती होती तिला. सुभेदार म्हणाले, इथल्या धरणाच्या तळ्यासाठी हीच बरी. मागच्या बाजूचा फिन, म्हणजे तळाला लावायचा पंखही, त्यांनी आखूड आणि तिरका काढून दिला. धरणाच्या फुगवट्यात शेवाळ असतं, बुडालेल्या बाभळींचे शेंडे असतात. लांब फिन असला की अडकतो आणि माणूस तोंडावर आपटतो, असं त्यांनी समजावून सांगितलं. मल्हारने प्रत्येक वाक्याला मान हलवली. बाभळीचं मात्र त्याच्या मनातून जाईना.

उरलं शीड. समीक्षा सुभेदारांच्या बायकोला, चंद्राबाईंना, हाक मारायला घरात गेली, तेवढ्यात मल्हारने विषय काढला. सुभेदारांनी साडेसहा चौरस मीटरचं शीड बाजूला काढलं होतं. त्याला साडेचारचं, लहान, हवं होतं.

सुभेदारांना ते पटेना. समुद्राचा वारा सरळ असतो, ते म्हणाले, तळ्याचा वारा लहरी. आत्ता आहे, आत्ता नाही. तळ्यात लहान शीड घेऊन गेलेलं माणूस मधेच अडकून बसतं. मोठं असलं तर बारक्या झुळकीवरसुद्धा काठाला लागतं.

"आवं, मी वारा बघून आलोय," मल्हार म्हणाला. "गेल्या ऐतवारी. वर माळावर उभं ऱ्हावत न्हवतं."

हे खरं होतं. टाकी बसवायची आहे असं घरात सांगून तो एकटाच धरणावर जाऊन आला होता. त्याचा बाप आणि आजा मेंढरं घेऊन दरवर्षी माणदेशातून खाली उतरायचे. मेंढरं बसवायच्या आधी माळाच्या सगळ्यात उंच जागी जायचं, काठीला लोकरीचा पुंजका बांधायचा आणि वारा बघायचा, ही त्यांची रीत. मल्हारने मेंढरं सोडली होती, पण रीत सोडली नव्हती. धरणाच्या वरच्या पठारावर पवनचक्क्या गरगरत होत्या, तिथे त्याने काठी धरली. पुंजका एका झटक्यात तुटून गेला. तो कुठे गेला हेसुद्धा दिसलं नाही. त्या वाऱ्यात आपली पंचावन्न किलोची पोरगी साडेसहा मीटर कापड धरून उभी आहे, असं चित्र त्याच्या डोळ्यांसमोर आलं. ते आठवडाभर हललं नव्हतं.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मल्हारचं तोंड पोळलं होतं शेततळ्याने. नऊ वर्षांपूर्वी त्याचा थोरला भाऊ अर्जुना एक मेंढरू काढायला तळ्यात उतरला. आत प्लास्टिकचा कागद अंथरलेला, त्यावर पाय ठरेना. मेंढरू वर आलं, अर्जुना आला नाही. तेव्हापासून मल्हार गुडघ्याच्या वर पाण्यात गेला नव्हता.

"तिला सांगा, मोठं फाटलंय म्हणून," तो हळूच म्हणाला.

सुभेदारांनी हातातलं शीड खाली ठेवलं.

"मी न्हाई सांगणार. सांगायचं तर तुमी सांगा."

समीक्षा चहा घेऊन आली तेव्हा मल्हारने सांगितलं. मोठ्याची शिवण उसवलीय, लहानच घेऊ. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस बोलतो तसंच तो बोलला, शेडच्या पत्र्याकडे बघत. समीक्षाने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा सुभेदारांकडे.

"बरं आप्पा," ती म्हणाली.

एवढ्यावर निभावलं याचंच त्याला आश्चर्य वाटलं. मग चंद्राबाईंनी गच्चीवरची गळकी टाकी दाखवली. टाकी गळतेय म्हटल्यावर मल्हार थोडाच खाली थांबणार. तो वर जाऊन अर्धा तास चीर बुजवत बसला. खाली आला तोवर दोघांनी सामान बांधलेलं होतं. शिडाची लांब पिशवी त्याने स्वतः उचलून टेम्पोत टाकली. लहान म्हणावं तर ओझं बरंच होतं. पण त्याचं लक्ष लाईफ जॅकेटच्या पट्ट्यांकडे होतं. त्या तो तिसऱ्यांदा ओढून बघत होता.

धरणावर ते तीनच्या सुमाराला पोचले. सुभेदार मोटारसायकलवर मागून आले, गळ्यात शिट्टी अडकवून. मल्हारने जॅकेटच्या पट्ट्या चौथ्यांदा आवळल्या. समीक्षा हसली आणि थोडं सैल करू द्या म्हणाली, नाहीतर पाण्याआधी जॅकेटनेच जीव जाईल. त्याला काही हसू आलं नाही.

ती फळीवर चढली, दोरी ओढून तिने शीड उभं केलं, आणि गेली. मल्हारने श्वास सोडला तो तिने पहिलं वळण घेतल्यावर. लहान शीड तिच्या हातात लहानच दिसत होतं, भीती वाटावी असं काही नव्हतं. पाऊण तास ती येत-जात राहिली. एकदा पडली, तो पाण्याकडे दोन पावलं गेला, ती पुन्हा चढली. आपण बरोबर केलं, असं त्याने मनाला दोन-तीनदा सांगितलंही.

मग ती पलीकडच्या काठाकडे वळली, आणि तळ्याच्या मधोमध शीड मलूल झालं.

पाणी काचेसारखं झालं होतं. मल्हारने सवयीने वर पाहिलं. पठारावरच्या पवनचक्क्या तशाच गरगरत होत्या. खाली गवताची काडी हलत नव्हती. माळावरचा वारा डोंगराच्या डोक्यावरूनच पलीकडे जात होता, या खोलगटात तो उतरतच नव्हता. मेंढरं माळावर बसतात, म्हणून वारा माळावर बघायचा. फळी माळावर चालत नाही, एवढी साधी गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती.

"मोठं असतं तर?" त्याने विचारलं.

"एवढ्याशा हवेवर सरकली असती," सुभेदार म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, तो असता तर मल्हारला बरं वाटलं असतं.

तिकडे समीक्षा फळीवर बसलेली दिसली. मग आडवी झालेली. मग कधी दिसायची, कधी उन्हाच्या चमचमाटात दिसायची नाही. मल्हारला कळलं तेव्हा तो मांड्यांपर्यंत पाण्यात होता आणि सुभेदारांनी त्याचा दंड धरला होता.

"मल्हारराव, फळी सोडली न्हाई तर माणूस बुडत न्हाई. ती सोडायची न्हाई. मी शिकवलंय तिला."

"माझा अर्जुना बी पवत हुता."

सुभेदारांनी दंड सोडला नाही. त्यांनी शिट्टी वाजवली. बऱ्याच वेळाने पाण्यावर एक हात वर झाला आणि खाली गेला. सुभेदार म्हणाले, शीड गुंडाळून फळीवर घेतलंय तिने, आता हातांनी वल्हवत येईल, वेळ लागेल. मल्हार तिचे हात मोजत राहिला. शंभरपर्यंत मोजायचा, पुन्हा एकपासून सुरू करायचा. ती जवळ येतेय की तिथेच आहे, हे त्याला कितीतरी वेळ कळत नव्हतं. मीच तिला तिथे नेऊन ठेवलंय, हे मात्र प्रत्येक आकड्याला कळत होतं.

ती काठाला लागली तेव्हा साडेपाच वाजले होते. तिचे ओठ कोरडे पडले होते, बोटांच्या कातडीला सुरकुत्या पडल्या होत्या. ती फळीवरून उतरली आणि चिखलातच बसली. मल्हारने टॉवेल तिच्या खांद्यावर टाकला, पाण्याची बाटली दिली, पुन्हा काढून घेतली, झाकण उघडून दिली. मग तिच्यासमोर उकिडवा बसला.

"समे, मोठं शीड फाटल्यालं न्हवतं," तो म्हणाला. "मी खोटं बोललो. मला भ्या वाटत हुतं."

"ठावं हाय मला."

"कवापासनं?"

"तितंच. तुमी टाकी बगायला वर गेलासा, तवा सरांनी उलगडून दावलं."

मल्हारने सुभेदारांकडे पाहिलं. ते फळीवरचं शेवाळ काढण्यात गुंतले होते. समीक्षा उठली, टेम्पोतून लांब पिशवी घेऊन आली. तिच्या तळाशी आणखी एक गुंडाळी होती. तिने ती चिखल टाळून गवतावर सोडली. पांढरं, निळं, भलं मोठं कापड.

मल्हारला पिशवीचं ओझं आठवलं.

"आगं, मग हेच का न्हाई लावलंस?"

टॉवेलच्या टोकाने तिने कान पुसला.

"पैल्या दिशी तुमाला बगवलं पायजे, म्हणून. मोठं बगून तुमी परत नेलं असतं मला. वारा पडंल असं सर म्हणले हुते, पर मी म्हणलं, पडला तर पडला."

आठवडाभर आपण एकटेच भितो आहोत असं तो समजत होता, आणि ही पोरगी त्याची भीती उचलून तळ्याच्या मधोमध जाऊन बसली होती. तो गवतावर गुडघ्यांवर बसला. त्याने शिडाची शिवण अंगठ्याखाली धरली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपत गेला, टाकीचा जोड तपासावा तसा. मग दुसरी शिवण. मग तिसरी.

"आप्पा, कुटं उसवलंय?" तिने विचारलं. चिडवायला विचारलं होतं, पण आवाज मऊ होता.

"कुटंच न्हाई," तो म्हणाला.

दिवस मावळायला अजून तासभर होता. मल्हारने टेम्पोतून काठी काढली, लोकरीचा पुंजका बांधला आणि माळाकडे न बघता खाली उतरला. पाणी घोट्याला लागलं, मग गुडघ्याला, मग मांड्यांना. तिथे थांबून त्याने काठी पाण्याच्या अंगाला, अगदी जवळ धरली. पुंजका लोंबत राहिला. मग त्याची दोन-चार बारीक टोकं हलली आणि हळूहळू सगळा पुंजका काठाच्या दिशेला वळला; खाली बारीक वारा होता, आणि तो काठाकडेच आणणारा होता.

तो बराच वेळ बघत राहिला. मल्हारने काठी तशीच धरून ठेवली, आणि मागे न बघता म्हणाला,

"आजच्याला काठाकाठानं. मोठं लाव."