उसनं पाणी

माझे सासरे नावाडी. काठावर उभ्या माणसाला ते ‘तुम्ही’ म्हणतात आणि तोच माणूस नावेत बसला की ‘तू’. मग तो डॉक्टर असो नाहीतर शाळेचा मुख्याध्यापक. पाण्यात मान चालत नाही, तोल चालतो, असं त्यांचं म्हणणं. पलीकडच्या काठाला लागलं की पुन्हा, ‘या, सांभाळून उतरा हं तुम्ही.’

मला मात्र ते आजवर ‘जावईबापू, तुम्ही’च म्हणत आले. एका घरात राहतो, एका किटलीतला चहा पितो, तरी ‘तुम्ही’च. कारण त्यांच्या नावेत मी कधी पाय ठेवला नाही. मला पाण्याची भीती वाटते. लग्न ठरलं तेव्हाही मी पुलावरून लांबचा वळसा घालून त्यांच्या घरी गेलो होतो. बायको अजून ते चारचौघांत सांगते.

आणि अशा माणसाचा धंदा काय, तर पंप चालवायचा! नदीच्या काठाला रेती-गोट्यांची खाण आहे. खोदलं की नदीचं पाणी कडेनं झिरपून खड्ड्यात येतं आणि ते उपसल्याशिवाय यंत्रं खाली उतरत नाहीत. मी उपसतो. टाक्यात गाळ बसू देतो आणि नितळ पाणी पाइपानं परत नदीत सोडतो. जेवढं घेतलं तेवढं परत द्यायचं, असा नियम आहे. नियम चांगलाच आहे. गोम एवढीच, की पाइपाचं तोंड होतं बंधाऱ्याच्या खाली आणि खाणीचा खड्डा नि सासऱ्यांचा धक्का दोन्ही बंधाऱ्याच्या वर. खाली नदी खळखळत होती आणि वर नाव गोट्यांवर बसली होती.

लाकडी नाव कोरडी पडली की फळ्या आक्रसतात, सांधे उघडतात. म्हणून मामा, सासऱ्यांना मी मामा म्हणतो, नावेत पोती अंथरून ठेवायचे आणि रोज घरातून बादली नेऊन त्यांवर ओतायचे. पाऊण बादली फटींतून गळून जायची, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बादली. बायको कावायची. “एक नदीतलं उपसतो, दुसरा घरातलं नेऊन नदीत ओततो. मला आंघोळीला तांब्याभर तरी ठेवाल का कोणी?”

एका सकाळी मामांनी चहाचा कप खाली ठेवला. “जावईबापू, रविवारी सुतार येतोय. नावेच्या फळ्या घेऊन जाईल. मग मी धाकट्या लेकीकडे जातो राहायला. ती केव्हाची बोलावतेय.”

बायको ओट्याशी आमच्याकडे पाठ करून उभी राहिली, वळलीच नाही. मी म्हटलं, “इथे काय काटे टोचतात तुम्हाला?”

“इथे करू काय मी? नुसता बसून खाऊ?”

मला राग आला. राग आला की मी पंपाला शिव्या घालतो, त्या दिवशीही घातल्या. खरं सांगायचं तर मला ते घरात हवे होते. पहाटेचं त्यांचं खाकरणं, माझं वर्तमानपत्र आधी पळवणं, सगळं हवं होतं. वडील माझे लहानपणीच गेले. ‘मामा’ ही एकच हाक माझ्याकडे उरली होती, आणि ती धाकटीच्या घरी जायला निघाली होती.

खाणीच्या इंजिनिअरबाई आल्या तेव्हा मी त्यांना पाइपापाशीच गाठलं. पाणी वर, धक्क्यापाशी सोडू द्या, नाहीतर रविवारी सासऱ्यांची नाव मोडीत निघेल, म्हणालो.

“काय फरक पडतो?” त्या म्हणाल्या. “परत नदीतच जातंय ना? नदी एकच आहे.”

“बाई, वरच्या मजल्यावरून वाटीभर साखर उसनी आणली आणि फेडली खालच्या मजल्यावर, तर चालेल का? बिल्डिंग एकच आहे.”

त्या हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, “पण वर सोडलंत तर त्यातलं बरंचसं पुन्हा तुमच्याच खड्ड्यात झिरपेल. हे कळतंय ना?”

“कळतंय. पुन्हा उपसेन.”

त्यांना पटलं की नाही ठाऊक नाही, पण त्या माझ्याबरोबर धक्क्यावर आल्या. मामा पोत्यांवर पाणी ओतत होते. बाईंना बघून म्हणाले, “जरा मागे व्हा तुम्ही, चपला भिजतील.” बाई बराच वेळ त्या गळणाऱ्या पाण्याकडे बघत राहिल्या. निघताना मला म्हणाल्या, “रविवारपर्यंत सोडून बघा. गढूळ दिसलं तर त्याच क्षणी बंद.”

खाणीच्या मागे पडलेले जुने पाइप आम्ही जोडत वर नेले. पाणी सुटलं, गोट्यांमधून पसरलं आणि ये रे माझ्या मागल्या, निम्मं पुन्हा माझ्या खड्ड्यात. मी उपसत होतो, ते येत होतं, मी पुन्हा उपसत होतो. बायको डबा घेऊन यायची आणि पंपाच्या धुरानं काळ्या झालेल्या नवऱ्याला भरवायला बसल्यासारखी समोर बसून राहायची.  मामांनी बादली घेऊन जाणं थांबवलं नव्हतं. हळूहळू बंधाऱ्यामागे गोटे बुडायला लागले.

रविवारी सुतार करवत घेऊन आला तेव्हा पाणी नावेच्या पोटाला लागलं होतं. मामा त्याला म्हणाले, “बसा जरा.” पोती काढून त्यांनी काठावर टाकली, नावेला खांदा लावला. मी आणि सुतारानंही लावला. नाव खरवडत सरकली आणि एकदम हलकी झाली. तरंगली. आणि लगेच सांध्यांतून पाणी आत यायला लागलं.

मामा आत उभे राहून त्या पाण्याकडे बघत होते. मला वाटलं, संपलं सगळं. तर हा माणूस खो खो हसायला लागला. “इतके दिवस आत ओतत होतो, आता बाहेर काढायचं! फुगतील फळ्या, फुगतील. पण मी वल्हवू की उपसू? एक माणूस लागेल उपसायला.”

सुतार दोन पावलं मागे सरकला. “मी फळ्या न्यायला आलोय, बुडायला नाही.”

माझ्याकडे बघून मामा घाईनं म्हणाले, “जावईबापू, तुम्ही राहू द्या. तुम्हाला झेपायचं नाही.”

उपसण्यात माझा हात धरणारा तिथे कोण होता? मी चपला काढल्या, बादली घेतली आणि नावेत पाय टाकला. नाव अशी डुलली की मी डोळे मिटून दोन्ही हातांनी नावेचा काठ धरला. बादली घरंगळली. धक्क्यावर डबा घेऊन आलेली बायको हसत होती की रडत होती, देव जाणे.

“अरे मधे बस, मधे!” मामा ओरडले. “काठ सोड. तुला तोल कळतो की नाही?”

मी डोळे उघडले. मामांचं लक्ष वल्ह्याकडे होतं. आपण काय बोललो, हे त्यांच्या गावीही नव्हतं. नाव धक्क्यापासून सुटली होती.

“उद्या लवकर ऊठ,” ते म्हणाले. “फटींत डांबर भरायचंय आपल्याला.”

“आणि धाकटीकडे?” घरंगळलेली बादली ओढून घेत मी विचारलं.

“ती येईल की इकडे, नावेत बसायला. तू पाणी काढ आधी. माझ्याकडे काय बघतोस?”