मी मालकांना ओढलं तो दिवस

मी एक जुना ट्रॅक्टर आहे. 'जुना' हे मी स्वतः म्हणालो म्हणून चाललं. मित्रांनो, तुम्ही म्हणायला जाल तर तोंडावर धूर सोडीन. वय सत्तावीस, ताकद पस्तीस हॉर्सपॉवर, रंग एके काळी लाल. गाव चौसाळा, जिल्हा बीड.

कारखान्यातून नवा आलो तेव्हा काय माझी ऐट! राधाकिशन मालकांनी हार घातला, नारळ फोडला आणि मला गावभर मिरवलं. पुढे त्यांचं हायवेवरचं हार्डवेअरचं दुकान जोरात चालायला लागलं आणि माझ्यावरचं लक्ष उडालं. तेव्हा माझं स्टिअरिंग धरलं त्यांच्या बायकोनं, वनमालाबाईंनी. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सरळ बांधावर चढवलं. लई राग आला होता मला. पण बाई शिकल्या. नांगरणी, पेरणी आणि हंगामात माजलगावकडच्या साखर कारखान्याला ऊस, अशी पंधरा वर्षं आम्ही दोघं राबलो. पंचक्रोशीत त्यांना 'ट्रॅक्टरवाल्या बाई' म्हणतात. ते ऐकलं की ऊर माझा भरून येतो.

यंदा मालकांनी ठरवलं, जुना देऊन नवा घ्यायचा. माजलगावला भल्यामोठ्या बंदिस्त शेडमध्ये शेती अवजारांचं प्रदर्शन भरणार होतं. तिथेच मला कंपनीच्या माणसाकडे सोपवायचं होतं. वाईट मला वाटलंच, पण बाईंना जास्त वाटलं. कारण मालक म्हणाले, नव्या ट्रॅक्टरला बटणंच बटणं, ते तुला जमायचं नाही, त्याला ड्रायव्हर ठेवू, तू आता घर बघ. पंधरा वर्षांचं काम एका वाक्यात काढून घेतलं की हो!

तिसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "परदर्शनात ट्रॅक्टरची वजन ओढायची शर्यत हाय. मी हाच घिऊन उतरते. शर्यतीचा पट्टा पार केला तर ह्यो ऱ्हाईल, आन् मीच चालवीन."

"आन् न्हाई झाला तर?"

"तर चावी तुमच्या हातात दीन."

मालक हसले आणि हो म्हणाले. लगेच हैदर मिस्त्रींनी माझं इंजिन खोललं. मिस्त्री मला कामापेक्षा शिव्याच जास्त देतात, पण असा मिस्त्री तालुक्यात दुसरा नाही. आठ दिवसांत माझा खोकला गेला.

प्रदर्शनाच्या दिवशी मी शेडमध्ये शिरलो. जिकडे तिकडे चकचकीत अवजारं, फवारणीचे ड्रोन आणि भज्यांचा वास! मला पाहून माईकवरचा निवेदक म्हणाला, जुन्या वस्तूंचं दालन पलीकडे आहे. लोक खो खो हसले. त्याचा चेहरा मी नीट लक्षात ठेवला.

शर्यतीचा नियम सोपा होता. शेडच्या मधोमध काळ्या मातीचा एकशे वीस फुटांचा पट्टा टाकला होता. ट्रॅक्टरच्या मागे लोखंडी पाटा बांधायचा, त्यावर मुरमाची पोती. पट्ट्याच्या कडेला दर पंधरा फुटांवर दोन-दोन धिप्पाड माणसं उभी. पाटा जवळ आला की त्यांनी त्यावर चढायचं. म्हणजे जितकं पुढे जाल तितकं वजन वाढणार. आमचे मालक चांगले शंभर किलोच्या वरचे. ते हौसेनं शेवटच्या खुणेवर जाऊन उभे राहिले. इथवर कोण मरायला येतंय, असं त्यांनी शेजारच्याला सांगितलंसुद्धा.

आणि आयोजकांनी एक घोळ घातला. पाहुण्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर धूळ नको म्हणून पट्ट्यावर पाणी मारायला सांगितलं होतं, तर टँकरवाल्यानं अख्खा टँकरच रिकामा केला. काळी माती ती! तिचं लोणी झालं. पन्नास-पंचावन्न हॉर्सपॉवरचे तरणेबांड गडी आले, गुरगुरले, चाकं गरगर फिरवली, स्वतःसाठी खड्डा खणला आणि त्यातच बसले. ब्याऐंशी फुटांपुढे एकही गेला नाही.

बाईंनी माती चिमटीत धरून पाहिली आणि मिस्त्रींना माझ्या मागच्या चाकांची हवा निम्मी कमी करायला सांगितली. ओल्या रानातून उसाची भरलेली ट्रॉली काढताना आम्ही हेच करतो. टायर पसरतं आणि माती धरतं. मग खालचा गिअर टाकायचा आणि गुरगुर न करता चालत राहायचं.

मी चालत राहिलो. पंधरा फूट, तीस, साठ. माणसं चढत होती, पाटा जड होत होता. ब्याऐंशीची खूण मागे पडली आणि शेडमधली माणसं टाचा उंचावून बघायला लागली. नव्वद. मग एकशे पाच. तिथे आमचे मालक उभे! क्षणभर ते बावरले, पण नियम म्हणजे नियम. चढले. माझी पुढची चाकं जमिनीवरून उचलली गेली. आता संपलं, असंच मला वाटलं. बाईंनी क्लच केसभर दाबला, माझी चाकं खाली टेकवली आणि पुन्हा हळूच सोडला.

"चल बाबा," त्या पुटपुटल्या, "थोडंच ऱ्हायलं."

आणि मी ओढलं! पोती ओढली, माणसं ओढली, मालकांना ओढलं आणि पांढरी रेघ पार केली. शिट्ट्या, टाळ्या, पत्रे दणाणले. निवेदकाचा तर ओरडून ओरडून आवाज बसला. हैदर मिस्त्री मला चक्क मिठी मारून रडले, आणि शिवी एकही दिली नाही.

मालक पाट्यावरून उतरले. तेवढ्यात कंपनीचा माणूस कागद घेऊन आला आणि म्हणाला, मालक, सही करता ना? मालकांनी चिखलाचे बूट झटकले. बाईंकडे बघायचं धाडस त्यांना जरा उशिरानंच झालं.

"मला कशाला इचारता?" ते म्हणाले. "जी चालवती तिला इचारा."

बाईंनी कागद न वाचताच परत केला.

तर मित्रांनो, तुमच्या घरी एखादं जुनं यंत्र धूळ खात असेल, तर त्याला तेलपाणी करा, फडक्यानं पुसा. आणि ते भंगारात घालायचं ठरवलंच, तर त्याआधी ते रोज चालवणाऱ्या माणसाला एकदा विचारा. आमच्या घरी हे पंधरा वर्षांत पहिल्यांदा विचारलं गेलं.