मातेपुढून परत आणलेली फिल्म

मित्रांनो, मी एक जुनी एक्स-रे फिल्म. काळीकुळकुळीत आहे, कोपराही दुमडलाय. पण म्हणून मला हसण्यावारी नेऊ नका.

साल एकोणीसशे ब्याऐंशी. गिरीज गावच्या क्लेमेंटीनच्या डाव्या हाताची नाडी लागेना. केळीचा घड उचलला की हात गळून जाई, अंगात बारीक तापही असे. मुंबईच्या इस्पितळात रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून तिच्या रक्तात औषध सोडून माझ्यावर फोटो काढला. गळ्याजवळून हाताकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी सुजून आतून पार सुतासारखी झाली होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, वर्षाने पुन्हा फोटो काढू म्हणाले आणि मला जपून ठेवायला सांगितलं.

गोळ्या लागू पडल्या. ताप गेला, पोरगी पोटभर जेवू लागली. तिची आई जुलियाना हरखून गेली; तिने मारियामातेला नवस केला होता. आमच्याकडे हाताचं दुखणं बरं झालं की नवस फेडताना मातेपुढे मेणाचा हात ठेवतात. जुलियानाला वाटलं, मेणाचा कशाला, हा तर लेकीचा खराखुरा हात. तिने मलाच चर्चमध्ये मातेच्या पायाशी ठेवलं. नवसही फिटला आणि जपणंही झालं! खोटं कशाला बोलू, मी चांगलाच भाव खाल्ला. पुढे माझ्यावर मेण ओघळलं, धूळ बसली, मग कुणी ढुंकून बघेना.

वर्ष सरलं. नवा फोटो निघाला आणि डॉक्टरांनी जुनी फिल्म मागितली. रक्तवाहिनी आणखी अरुंद झाली असेल, तर ऑपरेशनला पर्याय नव्हता. आणि मला पाहिल्याशिवाय ते ठरणार कसं? जुलियानाच्या तोंडचं पाणी पळालं. ती चर्चमध्ये फादर हिलरींपुढे जाऊन उभी राहिली.

"फादर, मातेला दिलेलं परत कसं मागू?"

फादरांनी स्वतःच मला उचललं आणि झग्याच्या बाहीने पुसलं.

"मातेला न बघता कळतं, बाय. डॉक्टरांना बघावं लागतं. घेऊन जा."

डॉक्टरांनी दिव्याच्या काचेवर आम्हा दोघींना शेजारी लावलं. नव्या फिल्मवरही ती रक्तवाहिनी अरुंदच दिसत होती. जुलियानाने मातेचं नाव घेतलं. डॉक्टर मात्र एकदा नव्या फिल्मकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले.

"होती तेवढीच आहे," ते म्हणाले. "रोग थांबलाय. ऑपरेशन नको."

जुलियाना ढसाढसा रडली. क्लेमेंटीन तिचे डोळे पुसता पुसता हसत होती. माझाही जीव भांड्यात पडला.

म्हणून सांगते, मित्रांनो, दुखणं सरलं तरी जुनी फिल्म टाकू नका. एकटी नवी फिल्म त्या दिवशी नुसतीच भीती घालत होती. लेक वाचली, हे सांगायला मीच कामी आले.