पस्मोत्रिम म्हणजे बघू

“तोंडावर नाही म्हणू नये गं. ‘बघू’ म्हणावं. समोरचा काय समजायचं ते समजतो.”

आईची ही शिकवण उत्तराच्या अंगात इतकी मुरली होती, की रशियन शिकून फरीदाबादच्या एका खासगी रुग्णालयात दुभाषी झाल्यावरही ती सुटली नव्हती. किर्गिझस्तान, कझाकस्तानातून येणाऱ्या पेशंटांना डॉक्टरांचं इंग्रजी रशियनमध्ये सांगायचं, हे तिचं काम. शब्दांची तिला वाण नव्हती. पंचाईत व्हायची ती नकाराची. डॉक्टरांचा नकार कधी उघडा नसेच. ‘माझं मत विचाराल तर’, ‘मी असतो तर थांबलो असतो’, अशा दुलया पांघरूनच तो यायचा.

गुलनारा आजारी नवऱ्याला, तिमूरला, घेऊन आली त्या दिवशी रिपोर्ट खाली ठेवून डॉक्टर म्हणाले, “ऑपरेशन? वेल, वी’ल सी.”

उत्तराला त्यात आईचं ‘बघू’ ऐकू आलं. नकारच तो. ती हलक्या आवाजात म्हणाली, “पस्मोत्रिम.” गुलनाराने डोळे पुसून मान हलवली. समजली बिचारी, असं वाटून उत्तरा त्या संध्याकाळी देवापुढे जरा जास्तच वेळ बसली.

मग गुलनारा रोज दिसू लागली. रुग्णालयासमोरच्याच गल्लीत त्यांनी खोली घेतली होती. तिमूरला वेदनेची औषधं चालू होती, अधूनमधून रक्त तपासायला आणत. परतीच्या प्रवासापुरती ताकद यायची वाट बघत असतील, असं उत्तरा धरून चालली.

“आजही देवाने जेवण बंद केलंय तुझं?” गुलनारा जर्दाळू पुढे करी.

“चतुर्थी आहे, एजे. चंद्र दिसला की जेवेन.” एजे म्हणजे त्यांच्याकडची ताई.

“तुमच्या या धुरात? मग झोप उपाशी.” आणि दोघी हसत.

एका दुपारी गुलनारा नवा शर्ट घेऊन आली. “ऑपरेशन झालं की घरी जाताना त्याला हा घालणार. तारीख कधी देतायत गं?”

“कसली तारीख?”

“तूच सांगितलंस ना? पस्मोत्रिम. आमच्याकडे डॉक्टर असं म्हणाला की पेशंटला तपासतो, हातात घेतो. रक्त तपासतायतच की.”

आला तेव्हा स्वतःच्या पायांनी विमानातून उतरलेला तिमूर आता उशीवरून मानही उचलत नव्हता.

“ऑपरेशन होणार नाही, एजे. डॉक्टर त्याच दिवशी नाही म्हणाले होते. मी ते नीट सांगितलं नाही.”

गुलनारा शर्टाची घडी घालत राहिली. नीट बसलेली घडी मोडून पुन्हा घातली.

“तेव्हा तो घरी जाऊ शकला असता?”

“हो.”

“आईला भेटला असता.”

गुलनाराने घडी केलेला शर्ट मांडीवर ठेवला.

“मला नाही जमणार त्याला सांगायला,” ती म्हणाली. “माझा चेहरा बघितला की हसतो तो अजून. तू सांग. आजच. आणि गोडगोड करून नको.”

“सांगते.”

“नक्की?”

“शब्द देते, एजे.”

गुलनाराने खोलीची किल्ली तिच्या हातात ठेवली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. उत्तराने ओढणी सारखी केली. फाटकातून बाहेर पडून, ऑटोवाल्यांच्या गर्दीतून वाट काढत ती रस्ता ओलांडू लागली.